आवाज कुणाचा?

२८ एप्रिल २०२२ च्या रात्री लास वेगासमध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीची, पहिली फेरी सुरू झाली. पहिलंच नाव पुकारलं गेलं ते ट्रॅव्हॉन वॉकरचं. मग जॉर्डन डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्हॉन्टे वायट आणि फेरीतलं शेवटचं, बत्तिसावं नाव लुईस सिनचं. पाचही जण जॉर्जिया विद्यापीठाचे, पाचही जण बचावफळीतले. एकाच कॉलेजच्या बचावातले पाच खेळाडू पहिल्या फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या दोन दिवसांत त्याच फळीतले आणखी तिघे गेले.

अथेन्स या जॉर्जियातल्या विद्यापीठाच्या गावात आनंदाला तोटा नव्हता. साडेतीन महिन्यांपूर्वी, १० जानेवारीला, याच बचावाच्या जोरावर त्यांच्या संघानं अलाबामाला ३३-१८ असं हरवून ४१ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं. त्या हंगामात या बचावाविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी १०.२ गुणच करता आले. आणि आता त्या फळीचा बहुतेक कणाच निघून गेला होता. दर वसंतात अमेरिकेतल्या शेकडो कॉलेज संघांना जो प्रश्न पडतो, तो जॉर्जियापुढे त्या वर्षी सर्वांत मोठा होऊन उभा राहिला. बचाव आता सांभाळणार कोण?

धावणारी, आदळणारी, ताकदवान मुलं मिळवणं जॉर्जियासारख्या विद्यापीठाला जड नाही. देशातले उत्तमोत्तम शाळकरी खेळाडू तिथे यायला उत्सुक असतात. अडचण वेगळी असते, आणि ती समजण्यासाठी हा खेळ थोडा जवळून पाहावा लागतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाची चाल आधी ठरलेली असते आणि आक्रमणाच्या अकराही जणांना ती माहीत असते. बचावाच्या अकरा जणांना ती माहीत नसते. त्यांना समोरची मांडणी पाहून अंदाज बांधायचा असतो, आणि अकरा जणांनी एकच अंदाज बांधायचा असतो. दहा जणांनी एक समजून घेतलं आणि अकराव्यानं दुसरं, तर समोरचा गडी त्याच भगदाडातून थेट शेवटच्या रेषेपर्यंत जातो. कबड्डीत शिट्ट्या चढाईपटूला मिळतात, पण कोपऱ्यावरचा भिडू वेळेवर ओरडला नाही तर साखळी कधीच जुळत नाही. इथेही बरंचसं तसंच आहे.

हा ओरडणारा माणूस बहुधा पुढच्या फळीमागे उभ्या असलेल्या मधल्या लाइनबॅकरच्या जागेवर असतो, कधी सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या सेफ्टीच्या. एक प्रयत्न संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्या वेळात त्यानं प्रशिक्षकाकडून डाव घ्यायचा, साथीदारांपर्यंत पोचवायचा, पुढच्या चौघांना कुठल्या फटीत घुसायचं ते सांगायचं. आक्रमणाची मांडणी डावीकडे जड आहे की उजवीकडे, हे मोठ्यानं सांगायचं. एवढ्यात समोरचा एखादा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, या टोकाकडून त्या टोकाकडे धावत जातो आणि सांगितलेलं सगळं रद्द होतं. आता नवा डाव, नव्या खुणा, चेंडू उचलला जायला दोन-तीन सेकंद उरलेले, आणि गॅलरीत नव्वद हजार माणसं गर्जत असलेली. ज्याचा आवाज या क्षणी बाकीचे दहा जण शंका न घेता मानतात, तो त्या बचावाचा नेता. कागदावर कर्णधार म्हणून कुणाचंही नाव असो.

२०२१ च्या जॉर्जियात हा आवाज नकोबी डीनचा होता. मिसिसिपीतल्या हॉर्न लेकचा हा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता आणि त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार त्यानं मिळवला. लाइनबॅकरच्या मानानं उंची कमी, त्यात दुखापतीची शंका. म्हणून ड्राफ्टमध्ये तो थेट तिसऱ्या फेरीत, ८३ व्या क्रमांकावर गेला. त्याच्याआधी त्याचे बचावातले पाच साथीदार गेले होते. व्यावसायिक संघ पहिल्या फेरीत शरीर विकत घेतात. अकरा जणांना एका सुरात आणण्याची हातोटी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. या खेळात बचावाच्या वाट्याला कौतुकही कमी येतं. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान म्हणजे हाइझमन करंडक. तो १९३५ पासून दिला जातो. प्रामुख्यानं बचावात खेळून तो मिळवणारा एकच, १९९७ चा मिशिगनचा चार्ल्स वुडसन. २०२४ मध्ये तो जिंकणारा कोलोराडोचा ट्रॅव्हिस हंटर दोन्ही बाजूंनी खेळत होता. २०१२ मध्ये नोत्र दामचा लाइनबॅकर मँटाय टेओ सात इंटरसेप्शन करून, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं फेकलेला चेंडू सात वेळा मधेच पकडून, आणि संघाला साखळीत अपराजित ठेवूनही दुसराच राहिला.

तर वसंत २०२२. जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट स्वतः नव्वदच्या दशकात याच विद्यापीठाकडून सेफ्टी म्हणून खेळलेले, पुढे अलाबामात निक सेबन यांच्या हाताखाली अनेक वर्षं बचावाची आखणी केलेले. पण ज्यांनी २०२१ चा बचाव बांधला ते डॅन लॅनिंग ओरेगनचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले होते. खेळाडू गेले, सूत्रधारही गेला. राहिलेल्यांत गुणवत्तेच्या बाबतीत वादच नव्हता: आतल्या फळीतला जेलन कार्टर हा देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक होता. नेता कोण असा प्रश्न आला की बाहेरच्या माणसाचं बोट साहजिकच त्याच्याकडे जायचं.

मला इथे बोट दुसरीकडे दाखवायचं आहे. कॉलेजच्या बचावाचा पुढचा नेता ओळखायचा असेल तर सर्वांत जोरात कोण आदळतो हे पाहून काही हाती लागत नाही. सरावाच्या वेळी आपली जागा उद्या ज्याच्याकडे जाणार आहे त्या पोराला कोण शिकवतो, ते पाहावं. कॉलेजचा संघ दर वर्षी रिकामा होतो आणि भरतो. तिथे आपल्या जाण्याची तयारी आपल्याच हातानं करणारा खेळाडू लागतो, आणि तसा माणूस वीस-एकवीस वर्षांच्या मुलांत विरळा.

जॉर्जियाकडे असे दोघे होते, आणि दोघांचंही आडनाव स्मिथ. नोलन स्मिथ हा सव्हानाचा. २०१९ मध्ये कॉलेजात आला तेव्हा देशातल्या शाळकरी खेळाडूंत त्याचा क्रमांक पहिला लावला गेला होता. विजेतेपदानंतर त्याला सहज ड्राफ्टमध्ये जाता आलं असतं. तो चौथ्या वर्षासाठी थांबला. ख्रिस्तोफर स्मिथ अटलांटाचा, सेफ्टी. याच्या येण्याचा गाजावाजा झाला नव्हता. करोनामुळे २०२० चा हंगाम खेळाडूंच्या खात्यात न धरण्याचा निर्णय झाला, म्हणून त्याला पाचवं वर्ष मिळालं आणि त्यानं ते घेतलं.

स्मार्ट यांच्या संघात मुलांना छोट्या गटांत बसवून बोलतं करण्याची एक पद्धत आहे. एका गटात लाइनबॅकर, रिसीव्हर, किकर अशी वेगवेगळ्या जागांवरची मुलं. विषय फुटबॉलचा नसतो. घर कसं होतं, वडील होते की नव्हते, कशाची भीती वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण कडाक्याच्या क्षणी एकानं ओरडून सांगितलेलं दुसऱ्यानं डोळे मिटून मानायचं असेल, तर त्या आवाजामागचा माणूस आधी ओळखीचा हवा. माझ्या मते जॉर्जियाच्या नव्या बचावाची खरी बांधणी या खोल्यांतच झाली.

हंगामाचा पहिला सामना ३ सप्टेंबर २०२२ ला अटलांटात, आणि समोर नेमके लॅनिंग यांचंच ओरेगन. जॉर्जियाचे डावपेच आतून माहीत असलेला माणूस समोरच्या बाजूला उभा. निकाल लागला ४९-३. त्या सामन्यातली एक गोष्ट मला गुणफलकापेक्षा मोठी वाटते. मलाकाय स्टार्क्स नावाचा, आदल्या वर्षापर्यंत शाळेत खेळणारा सेफ्टी आपला पहिला कॉलेज सामना खेळत होता. ओरेगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, बो निक्स यानं लांबवर चेंडू फेकला. स्टार्क्स रिसीव्हरच्या बरोबरीनं मागे धावत गेला आणि पूर्ण लांब झेप घेऊन त्यानं तो चेंडू आपल्या हातात घेतला. त्याच सामन्यात ख्रिस्तोफर स्मिथनंही निक्सचा एक चेंडू पळवला. पाचव्या वर्षाचा सेफ्टी आणि पहिल्या वर्षाचा सेफ्टी, एकाच फळीत, एकाच दिवशी.

२९ ऑक्टोबरला फ्लोरिडाविरुद्ध नोलन स्मिथच्या छातीचा स्नायू फाटला आणि त्याचं कॉलेजचं खेळणं तिथेच संपलं. ज्या वर्षासाठी तो थांबला, ते अर्ध्यात तुटलं. पुढच्याच शनिवारी अथेन्समध्ये टेनेसी येणार होतं: क्रमवारीत पहिलं, देशात सर्वांत जास्त गुण करणारं आक्रमण. नोलन त्या दिवशी साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला होता. स्वतःसाठी मिळवण्यासारखं त्याच्याकडे तिथे काही उरलेलं नव्हतं. तो संघाबरोबर राहिला, तरुण मुलांच्या कानाशी बोलत राहिला. पाऊस होता आणि प्रेक्षकांचा आवाज इतका की टेनेसीच्या खेळाडूंना आपल्याच क्वार्टरबॅकच्या सूचना ऐकू येईनात, चेंडू उचलण्याआधी हलल्याबद्दल त्यांना सात वेळा दंड झाला. जमॉन ड्युमस-जॉन्सन आणि स्मेल मॉन्डन हे दोघं दुसऱ्या वर्षाचे लाइनबॅकर मधली जागा सांभाळत होते, म्हणजे डीनची जागा. टेनेसीच्या क्वार्टरबॅकला सहा वेळा मागेच पाडलं गेलं. जॉर्जिया २७, टेनेसी १३.

आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबरमध्ये विभागीय अंतिम सामन्यात लुइझियानाच्या एलएसयू संघाचा फील्ड गोलचा, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारण्याचा, प्रयत्न जॉर्जियाच्या नझीर स्टॅकहाउसनं हात लावून अडवला. चेंडू घरंगळत जमिनीवर स्थिरावला. सगळ्यांना वाटलं, डाव संपला. एलएसयूचे खेळाडू पाठ फिरवून चालू लागले. ख्रिस्तोफर स्मिथ चेंडूजवळ उभा होता. शिट्टी वाजलेली नव्हती, हे त्याच्या लक्षात होतं. त्यानं बाकड्याकडे पाहिलं, चेंडू उचलला आणि जवळजवळ अख्खं मैदान धावत जाऊन, शेवटची रेषा ओलांडून सामन्यातला पहिला टचडाउन केला. नियम सगळ्यांनाच माहीत होता; त्या क्षणी तो आठवणारा एक जण होता. जॉर्जियानं तो सामना ५०-३० असा आणि जानेवारीत टीसीयू संघाविरुद्धचा राष्ट्रीय अंतिम सामना ६५-७ असा जिंकला. पंधरापैकी पंधरा. ज्या बचावाचा कणा गेला असं सगळे म्हणत होते, त्यानं सामन्यामागे १४.३ गुण दिले.

हे यशाचं उदाहरण झालं. पण नेता कसोटीला लागतो तो पडत्या काळात, आणि त्यासाठी दहा वर्षं मागे पेनसिल्व्हेनियात जावं लागेल.

पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या एका माजी सहायक प्रशिक्षकानं अनेक वर्षं लहान मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं उघड झालं. २०१२ च्या जूनमध्ये तो दोषी ठरला. विद्यापीठातल्या वरिष्ठांनी वेळीच हालचाल केली नाही, याबद्दल २३ जुलै २०१२ ला कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेनं, एनसीएएनं, ६ कोटी डॉलरचा दंड आणि चार वर्षं हंगामोत्तर सामन्यांवर बंदी अशी शिक्षा जाहीर केली. त्या मुलांनी जे सोसलं त्यापुढे फुटबॉलची गोष्ट लहान आहे, हे आधी म्हटलं पाहिजे. पण त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेले वीस वर्षांचे खेळाडूही त्या शिक्षेत सापडले. त्यांना एक मोकळीक मिळाली: कुठल्याही कॉलेजात ताबडतोब जा, वर्षभर बाहेर बसण्याची अट नाही. दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक फोनवर फोन करू लागले. इलिनॉयचे प्रशिक्षक तर त्या गावातच येऊन थांबले.

दोन दिवसांनी, २५ जुलैच्या सकाळी, मायकेल मॉटी हा शेवटच्या वर्षाचा लाइनबॅकर आणि त्याचा साथीदार मायकेल झॉर्डिच हे सरावाच्या इमारतीबाहेर पत्रकारांसमोर उभे राहिले. मागे तीसेक खेळाडू. आम्ही इथेच राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. मॉटीचे वडीलही याच संघातून खेळलेले. त्याचे स्वतःचे गुडघे तोवर दोनदा फाटून शिवले गेले होते. कुठल्याही प्रशिक्षकानं त्याला उभं राहायला सांगण्याची गरज पडली नाही, आणि तो उभा राहिला नसता तर संघाला गळती लागली असती हे उघड आहे. काही खेळाडू गेलेच, बहुतेक राहिले.

त्या हंगामातले पहिले दोन्ही सामने ते हरले. दुसऱ्यात, व्हर्जिनियाविरुद्ध, एका गुणानं. किकर सॅम फिकननं चार फील्ड गोल हुकवले. सप्टेंबरअखेर गाठ पडली ती इलिनॉयशीच. मॉटीनं दोन इंटरसेप्शन केले, त्यातल्या एकावर तो ९९ यार्ड धावला आणि शेवटच्या रेषेच्या उंबऱ्यावर पाडला गेला. पेन स्टेट ३५, इलिनॉय ७. नोव्हेंबरमध्ये इंडियानाविरुद्ध त्याचा गुडघा तिसऱ्यांदा गेला. शेवटच्या सामन्यात सगळ्या संघानं आपल्या हेल्मेटवर त्याचा ४२ हा आकडा लावला. विस्कॉन्सिनविरुद्धचा तो सामना जादा वेळेत गेला आणि जिंकून देणारा फील्ड गोल मारला तो फिकननं. सप्टेंबरमध्ये त्या पोराला संघानं टाकलं नाही, याचं ते फळ होतं. हंगाम ८-४ असा संपला.

२०१२ मध्ये पेन स्टेटच्या खेळाडूंना शिक्षेचा भाग म्हणून जी मोकळीक मिळाली, ती आज सगळ्यांना आहे. २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदलता येतं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट मानधन देऊ शकतात, २०२५-२६ या पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्यांच्या घामावर अब्जावधींचा धंदा उभा आहे त्यांना त्यातलं काही मिळतंय, हे उशिरा सुचलेलं शहाणपण असलं तरी न्यायाचं आहे. मॉटीसारखं सगळ्यांनी थांबावं, असा आग्रह कुणी धरू नये. टेनेसीविरुद्ध चमकलेला ड्युमस-जॉन्सनही २०२३ च्या हंगामात हात मोडल्यानंतर केंटकीला गेला. त्याचा तो हक्कच होता.

पण बचावाचा आवाज तयार व्हायला जिथे चार वर्षं मिळत, तिथे आता कधी कधी सहा महिनेच मिळतात. ते जमतं का? ओहायो स्टेटचं २०२४ हे मला यावरचं सर्वांत चांगलं उत्तर वाटतं. त्यांचे जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआउ, कोडी सायमन यांच्यासह बरेच बचावपटू ड्राफ्ट सोडून आणखी एक वर्ष थांबले. त्याच वेळी अलाबामाहून केलेब डाउन्स हा अव्वल सेफ्टी बदली होऊन आला. जुन्यांनी नव्याला जागा दिली, नव्यानं जुन्यांचं ऐकलं. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरल्यावर लोकांनी त्यांना जवळजवळ मोडीत काढलं होतं. सहा आठवड्यांनी टेक्सासविरुद्ध सामना निसटत असताना सॉयरनं क्वार्टरबॅक क्विन इव्हर्सच्या हातातून चेंडू उडवला आणि तोच उचलून ८३ यार्ड धावत टचडाउन केला. इव्हर्स हा एके काळी ओहायो स्टेटमध्ये त्याच्याच खोलीत राहायचा. २० जानेवारी २०२५ ला त्यांनी नोत्र दामला ३४-२३ असं हरवून विजेतेपद घेतलं. सायमनच्या अंगावर त्या वर्षी शून्य क्रमांकाची जर्सी होती. ओहायो स्टेटचा जुन्या काळातला थोर कृष्णवर्णीय बचावपटू बिल विलिस याच्या स्मरणार्थ ही जर्सी २०२० पासून दिली जाते, आणि ती मिळायला मैदानातल्या आकड्यांपेक्षा वागणूक पाहिली जाते.

तंत्रही बदललं आहे. २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या कॉलेज संघांत बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवता येतो. त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. पूर्वी कडेवरून हातवारे करून डाव पाठवत, आणि ते चोरलेही जात. आता प्रशिक्षक थेट कानात बोलतात. मात्र घड्याळावर १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. समोरचा क्वार्टरबॅक मांडणी बदलायला सुरुवात करतो ती बहुधा त्यानंतर. त्या १५ सेकंदांत हिरव्या ठिपक्याच्या मुलाला कुणीही मदत करू शकत नाही.

तो ठिपका कुणाला द्यायचा, हे प्रशिक्षक उन्हाळ्यातल्या सरावात ठरवतात. माझ्या दृष्टीनं कुठल्याही संघाची पुढच्या हंगामाची कुंडली मांडायला ही एक माहिती पुरेशी आहे. ठिपका तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या, दुखापतीतून उठलेल्या, बाकड्यावर बसण्याचा अनुभव घेतलेल्या मुलाकडे गेला असेल, तर तो बचाव नोव्हेंबरात सुधारलेला दिसतो. संघातल्या सर्वांत गाजलेल्या खेळाडूकडे तो केवळ नावामुळे गेला असेल, तर मला काळजी वाटते.

जॉर्जियाच्या त्या मुलांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. नोलन स्मिथला २०२३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी पहिल्या फेरीत घेतलं. जॉर्डन डेव्हिस, नकोबी डीन आणि जेलन कार्टर त्याच संघात होते, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला या संघानं कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला. स्मेल मॉन्डनही त्याच वर्षी ईगल्सकडे गेला. ओरेगनविरुद्ध झेप घेणारा मलाकाय स्टार्क्स तीन वर्षं जॉर्जियाच्या बचावात मागे उभा राहून ओरडत राहिला. २०२५ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला पहिल्या फेरीत घेतलं.

कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू असेल तेव्हा सामन्यांच्या वेळा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या वेळेनुसार शनिवारी दुपारी बाराचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो, नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेदहाला. मुलगा-मुलगी तिकडे शिकत असेल तर तिच्या किंवा त्याच्या विद्यापीठाचा सामना एकदा जरूर लावा. चेंडू उचलला जाण्याआधी क्वार्टरबॅककडे पाहू नका. त्याच्या समोर, पाच यार्डांवर, हात हलवत ओरडणारा एक मुलगा दिसेल. पहिली दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा.